अकरा अंगठे

गंगाखेडच्या स्टेशनावर आमची गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबली. तेवढ्यात दादांनी माझी पत्र्याची पेटी डब्यात ढकलली, मायनं खिडकीच्या गजांतून भाकरीचं फडकं आत दिलं, आणि मी मात्र पुढच्या स्टेशनाला उतरून परत यावं का, एवढाच विचार करत बसले होते. दादा म्हणजे माझे वडील. गावात त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळलेली मोटार कुणी आणली की तिच्यात नव्यानं तांब्याची तार भरून ते ती चालू करून देतात. मुळात माणूस अबोल. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "शिकून ये बाई. अन् आल्यावर सांग, आमचं काय चुकायलंय ते."

मी मान हलवली. ते वाक्य मी पुढची तीन वर्षं जपून ठेवलं, आणि माझा सगळा घोटाळा त्या वाक्यापासूनच सुरू झाला असं आता वाटतं. दादांचा त्यात दोष नाही. मी ते फार मनावर घेतलं.

हे मी गावातल्या त्या अकरा जणींसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे पेट्या घेऊन बाहेर पडले त्यांच्यासाठीही. आमचं गाव सोनपेठ आणि गंगाखेडच्या मधलं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला तेव्हा गावात ज्यांनी तो कापून ठेवला, त्यांना खरं काय झालं ते निम्मंच माहीत आहे. उरलेलं निम्मं सांगायला मला धीर होत नव्हता.

हैदराबादला मी डिझाइन शिकायला गेले. तिथल्या बाजारात मला परकं वाटलं नाही. म्हातारे दुकानदार "हौ" म्हणायचे, "नक्को" म्हणायचे, आणि मला आमच्या आठवडी बाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. कॉलेजच्या फाटकातून आत गेलं की मात्र सगळं बदलायचं. ब्रीफ, प्रोटोटाइप, फीडबॅक, युजर. पहिल्या वर्षी मी वहीत मराठीत लिहून ठेवलं होतं, युजर म्हणजे वापरणारा. तिसऱ्या वर्षी तोच शब्द मी माझ्या मायसाठी वापरला आणि मला काहीच वाटलं नाही.

दर शनिवारी आमचं काम भिंतीवर लावायचे आणि सगळा वर्ग त्यातल्या चुका काढायचा. पहिल्यांदा माझ्या कामाची चिरफाड झाली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हळूहळू सवय झाली, मग गोडीही लागली. ज्यानं माझ्या कामात काहीच चूक काढली नाही त्यानं ते नीट बघितलेलंच नाही, हे मी तिथं शिकले. गावी आले की हे शिक्षण मी कुठं ठेवून येत होते देव जाणे.

तिसऱ्या वर्षीचा विषय होता, कष्टकरी बाईचा भार हलका करणारी वस्तू. मला विचार करावा लागला नाही. आमच्याकडं कापूस वेचताना बाया जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेला बांधतात आणि त्याची खालची टोकं वर घेऊन खोचतात, की पोटापुढं झोळी तयार होते. तिला ओटी म्हणायचं. वेचलेला कापूस ओटीत टाकत जायचं, ती भरली की बांधावरच्या बोचक्यात रिकामी करायची आणि पुन्हा वाकायचं. दसऱ्यापासून पुढं चार महिने माय घरी आली की भिंतीला पाठ लावून कंबर दाबत बसायची. ते बघत मी मोठी झाले. तेव्हा मनाशी पक्कं केलं की ह्या ओटीलाच सुट्टी द्यायची.

माझी पिशवी दिसायला देखणी होती. करड्या रंगाचं, पाणी न धरणारं कापड, दोन खांद्यांवर रुंद पट्टे, तोंड उघडं राहावं म्हणून आत गोल कडी, आणि तळाला झिप. झिप ओढली की कापूस खाली. आमचे सर म्हणाले की ही झिप हीच तुझी खरी कल्पना आहे. मी हुरळले. बाजारातल्या एका शिंप्याच्या मागं लागून अकरा पिशव्या शिवून घेतल्या, कारण आमच्या गल्लीतून वेचणीला जाणाऱ्या बाया अकरा होत्या.

दसऱ्याला तीन दिवसांसाठी गावी गेले. अंगणात पाय ठेवते तोवर शेजारच्या शेवंताकाकूंच्या घरून प्लॅस्टिकची खुर्ची आली. माझ्यासाठी जारचं पाणी मागवलेलं होतं, कारण मला आता इथलं बाधेल असं मायला वाटत होतं. जेवायला ती ठेवणीतली ताटली काढली. मला हे सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. खुर्चीवर बसून मी अकराजणींना पिशव्या वाटल्या, पट्टे कसे घ्यायचे ते शिकवलं. मग आमच्या दोन एकरांत जाऊन सगळ्यांनी पिशव्या घालून अर्धा तास वेचलं आणि मी फोटो काढले. उन्हं तिरपी होती, फोटो झकास आले.

"लय भारी हाय," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, अंगाला हलकं लागायलंय.

मग मी कागद काढले. प्रत्येक कागदावर तीन तोंडं छापलेली, एक हसरं, एक गप्प, एक रडकं, आणि प्रत्येक तोंडाखाली अंगठ्यासाठी चौकोन. शाईचं पॅड मी गंगाखेडहून घेऊनच आले होते. सगळ्यांत आधी बसली धुरपतामावशी. ती आमच्याकडच्या वेचणाऱ्या बायांची म्होरकी, पन्नाशी ओलांडलेली, बचत गटाची अध्यक्ष, आणि सरपंचालाही तोंडावर सुनावणारी बाई. तिनं तिन्ही तोंडं नीट निरखली आणि मला विचारलं, "कुठल्या तोंडावर आंगठा दिला मंजी तुला मार्क पडतेत?"

मी हसले. सगळ्याच हसल्या. आणि हसता हसता मी पेनानं हसऱ्या तोंडावर टकटक केलं.

ती थट्टा होती, असं मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. धुरपतामावशीनं त्या तोंडाखाली अंगठा दाबला, मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं, आणि एकापाठोपाठ एक अकरा अंगठे त्याच तोंडाखाली पडले. हैदराबादला परतल्यावर मी विद्यार्थ्यांच्या एका राष्ट्रीय स्पर्धेचा अर्ज भरला. त्यात लिहिलं, वापरून पाहिलेल्या अकरापैकी अकरा महिलांनी जुन्या पद्धतीपेक्षा ही पिशवी पसंत केली.

महिनाभरानं ईमेल आला की माझा प्रकल्प शेवटच्या फेरीत आहे. मी मेसमध्ये उभ्याउभ्याच घरी फोन लावला. मायनं फोन हातात धरूनच गल्लीला ओरडून सांगितलं. दादा फोनवर आले आणि बरं झालं म्हणाले, म्हणजे ते फार खूश होते. दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की शेवटच्या फेरीतल्या वस्तू प्रत्यक्ष वापरात असताना बघायला आणि चित्रित करायला आमची माणसं येतील. त्या अकरा महिला तिथं भेटतील का? मी मिनिटाच्या आत होकार पाठवला.

तयारी करावी म्हणून मी चार दिवस आधीच गावी पोचले. दुसरी वेचणी चालू होती, दुपार टळलेली. फाट्यावरून घरी येताना शेवंताकाकूंची ओसरी लागते. तिथं वाशाला माझी पिशवी टांगलेली दिसली. तिच्यात कांदे होते.

मला हसूच आलं. वेचून आल्यावर रिकामी कशाला ठेवायची म्हणून भरले असतील. पुढं दादांच्या दुकानावरून आले, तर मोटारीच्या स्टार्टरवर धूळ बसू नये म्हणून दुसरी पिशवी घातलेली. दादांनी ती घाईनं काढायला हात घातला आणि मग राहू दिली. धुरपतामावशीच्या दारात तिसरी होती. आत खुडूक कोंबडी बसवली होती, कडीमुळं तोंड उघडं राहतं ना, तिला हवाही छान लागत होती. मी पिशवी शोधत सगळी गल्ली फिरले. एकीनं खालची झिप उसवून लेकीच्या दप्तराला लावली होती. एकीनं पट्टे कापून बादलीच्या दोराला जोडले होते. वेचायला म्हणून एकही पिशवी कुणाच्या अंगावर नव्हती.

मायची पिशवी कुठंच दिसेना. मी विचारलं तर तिनं लोखंडी पेटी उघडून दाखवली. माझ्या शाळेच्या दाखल्यांच्या खाली ती घडी करून ठेवलेली होती. कोरी. त्या अर्ध्या तासानंतर तिनं तिला हात लावला नव्हता.

"तुझी वस्तू हाय," ती म्हणाली. "मातीत कशाला घालू."

मी चिडले. मग सगळ्यांनी चांगलं चांगलं कशाला म्हटलं, मी अर्जात काय लिहून बसले आहे ते तुम्हाला कळतं का, चार दिवसांनी माणसं येणार आहेत, मी त्यांना काय दाखवू, असं बरंच काही बोलले. माय चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"पाव्हणीला कुणी उणं दाखवत असतंय का?" ती म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती सांगावी तसं सांगत होती. माझं लक्ष माझ्याच पायांकडं गेलं. ते जमिनीवर नव्हते. मी शेवंताकाकूंच्या खुर्चीवर बसून, चुलीपुढच्या माझ्या आईला जाब विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतली ती कोरी पिशवी खांद्याला लावली आणि बायांबरोबर वावरात गेले. प्रत्येकीनं वेचायला आपापली पात धरली, म्हणजे दोन-दोन ओळी, आणि मलाही एक दिली. वाकले की पिशवी अंगापासून सुटून पुढं झुलायची आणि पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, शिरायची. कडी वाळलेल्या बोंडांच्या टोकांना अडकायची. दवानं कापड ओलं झालं नाही, पण वेचलेला कापूसच दवानं भिजलेला, तो तळाशी बसला आणि पट्टे मानेत रुतायला लागले. उघड्या तोंडातून वाळलेला पाला आत पडत होता, तो वेचून काढायचं काम वेगळंच. ऊन चढायच्या आत पिशवी भरली. मी बोचक्यापाशी गेले आणि मोठ्या दिमाखात झिप ओढली. कापसाचे तंतू तिच्या दातांत गेले आणि ती बोटभर उघडून तिथंच अडकली.

सरांची आवडती झिप. कापसाच्या पिशवीला मी झिप लावली होती, आणि कापसात जन्म काढलेल्या माणसांनी मला हे सांगितलं नव्हतं.

दुपारपर्यंत माझी पात अर्धीच झाली. बाकीच्या बांधावर पोचल्या होत्या. धुरपतामावशी परत फिरली, माझी उरलेली पात तिनं वेचून काढली, आणि माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून आपल्या खांद्यावर घेतली. ती म्हणाली की फिल्मवाले आले की आम्ही सगळ्या ह्याच घालून येतो, तू घोर लावून घेऊ नको. शेवंताकाकू तर काय बोलायचं त्याची तालीमच करायला लागल्या.

आता जे लिहिणार आहे ते लिहायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. पुढचे दोन दिवस मी त्यांना तयार करत होते. पट्टे असे घ्या, कॅमेऱ्याकडं बघू नका, झिप हळू ओढा, आधी तिच्यावर थोडं मेण लावा. कोंबडी उठवली, कांदे काढले, कापलेले पट्टे पुन्हा शिवले, झिप परत बसवली, पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या. त्या दोरीकडं मी जितक्या वेळा बघितलं तितक्या वेळा मी स्वतःला म्हटलं की एवढी एक सकाळ निघून जाऊ दे.

परभणीहून पांढरी गाडी आली. दिल्लीची दोन माणसं, एक कॅमेरावाला आणि एक बाई, माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी मोठी, बोलायला गोड. अकराजणी रांगेनं वावरात उभ्या होत्या. शेवंताकाकूंच्या पिशवीच्या शिवणीत कांद्याचं एक साल अजून अडकलेलं होतं. ते मला एकटीलाच दिसत होतं, आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

चित्रण सुरू झालं. त्या बाईंना मराठी येत नव्हतं, तेव्हा त्यांचा प्रश्न मराठीत आणि बायांचं उत्तर हिंदीत करून सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी हे आधी लक्षातच घेतलं नव्हतं. बायांनी बोलायचं आणि मी बाजूला उभं राहायचं, असं माझ्या डोक्यात होतं. आता प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून जाणार होतं.

त्यांनी धुरपतामावशीला विचारलं की जुन्या ओटीपेक्षा ह्यात काय बरं वाटतं. मी मराठीत विचारलं. मावशी ठरल्याप्रमाणे म्हणाली, "कंबर दुखत न्हाई आता. लेकीनं लय इचार करून केलंय." मी ते हिंदीत सांगितलं. माझा आवाज मलाच पातळ वाटला. मग त्या म्हणाल्या, पिशवी रिकामी करून दाखवतील का? मी विचारलं. मावशी बोचक्यापाशी गेली. तिनं झिप धरली, ओढली, पुन्हा ओढली. मेण लावूनही ती अडकली होती. कॅमेरा तिच्या हातांकडं वळत होता. मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं पाठ केली, आणि पिशवी उलटी करून वरूनच सगळा कापूस ओतला. मग पुन्हा तोंड फिरवून हसली. माझी झिप अडकलेली कुणाला दिसू नये म्हणून.

मी त्या बाईंना हिंदीत म्हणाले की ह्या खोटं बोलतायत. माझ्यासाठी बोलतायत. ही पिशवी कुणीच वापरत नाही.

गावातल्या बायांना हिंदी येत नाही, असं त्या घाईत मी धरून चालले होते. धुरपतामावशी चाळीस वर्षं सोनपेठच्या बाजारात हिंदी बोलणाऱ्या बागवानांशी भाव करत आली आहे. "झूठ" हा शब्द तिला माझ्याआधीपासून येतो. तिचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. तिनं खांद्यावरचे पट्टे काढले. पिशवीची नीट घडी घातली.

"मला सही येतीय, पोरी," ती म्हणाली. "तरी तुझ्या कागदावर आंगठा दिला. तुला वाटलं हिला काय लिहाय येतंय, मनून तसला चौकोन केलास. ते बी चालवून घेतलं. अन् आता परक्या माणसाम्होरं मला खोटी म्हणलीस."

तिनं घडी माझ्या हातात दिली. बांधावर ठेवलेला आपला लुगड्याचा तुकडा उचलला, कमरेला बांधला, टोकं खोचली, आणि जाऊन आपली पात धरली. एकेक करत बाकीच्याही गेल्या. माझ्यापुढं पिशव्यांचा ढीग झाला. माय सगळ्यांत शेवटी गेली.

दिल्लीच्या बाई बराच वेळ निंबाखाली फोनवर बोलत होत्या. मग येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं की जे बघितलं ते त्यांना कळवावंच लागेल, आणि अर्जातला मजकूर मी लेखी दुरुस्त करून पाठवावा. जेवायला थांबा म्हटलं तर थांबल्या नाहीत.

मी दुकानात जाऊन दादांपुढं बसले. मला वाटलं, निदान ते म्हणतील की खरं बोललीस. ते तार गुंडाळत होते. वेढे मोजता मोजता म्हणाले, "खरं बोललीस. पर तोंड कुणाकडं करून बोललीस?"

दोन दिवस हाताशी होते. धुरपतामावशीच्या दारात जाऊन, मावशी, नको, हे खोटं आहे, माझंच चुकलं, एवढं बोलायला दोन मिनिटं लागली असती. ते मी केलं नाही. ऐनवेळी मी परक्या माणसांपुढं खरी झाले आणि खोटेपणा तिच्या पदरात टाकला.

निघायच्या आधी तिच्या घरी गेले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला बघून आत गेली आणि खुर्ची घेऊन आली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी उभ्यानं ऐकल्या असत्या. मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानंच माफी मागितली, तिच्या तोंडाकडं बघून. ती "बरं" म्हणाली. चहा टाकू का, असं विचारलं. मी नको म्हणाले आणि गाडी गाठली.

हैदराबादला पोचून अर्ज दुरुस्त केला. अकरापैकी शून्य, असं लिहिलं. कुठली पिशवी कशासाठी वापरली गेली ते सगळं लिहिलं, कांदे, स्टार्टर, कोंबडी, दप्तर, मायची पेटी. अंगठे कसे पडले तेही लिहिलं, पेनाची टकटक धरून. मग निकाल येईपर्यंत मी मेसमध्ये नीट जेवले नाही. आता बक्षीस गेलंच असं वाटायचं, आणि मग वाटायचं की ते जाण्याचीच भीती अजून वाटते आहे, म्हणजे मी काही सुधारलेली नाही.

निकालात पहिल्या तिघांत माझं नाव नव्हतं. खाली विद्यार्थी गटात विशेष उल्लेख म्हणून होतं. खरं सांगितल्यामुळं की खरं सांगूनही, हे कुणी कळवलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दिल्लीत मंचावर प्रमाणपत्र घेतानाचा माझा फोटो आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर अवघड गेल्यावर होतो तसा चेहरा आहे. परभणीच्या पेपरात छापून आला तोच.

त्याच महिन्यात मी दुसरी शिवली. मायचं जुनं लुगडं मागवून घेतलं होतं. झिप नाही, कडी नाही, खांद्याला पट्टे नाहीत. ओटीसारखीच ओटी, फक्त कमरेला गाठीऐवजी वीतभर रुंद पट्टा, म्हणजे भार एका ठिकाणी काचू नये. ती मी धुरपतामावशीच्या नावानं पोस्टानं पाठवली. बरोबर चिठ्ठी, की मावशी, ही मातीत घाल. आठवडे गेले, काही कळलं नाही. मायला फोनवर विचारलं तर ती म्हणायची, मला काय माहीत, तुझं तू बघ. मायनं माझ्याशी असं तुटक बोलायची ही पहिलीच वेळ. मी धास्तावले.

फरदडीच्या दिवसांत, म्हणजे पऱ्हाटी उपटायच्या आधीच्या उरल्यासुरल्या वेचणीला, मी न कळवता गावी गेले. फाट्यावरून सरळ वावरातच. लांबून आधी लुगड्याचा रंग ओळखू आला. मायचं ते निळं लुगडं धुरपतामावशीच्या कमरेला होतं, पार मळलेलं.

तिनं मला बघितलं. वाकलेलीच राहिली, वेचायचं थांबवलं नाही.

"आलीस का," ती म्हणाली. "हे बघ काय करून ठिवलंयस."

मग तिची गाडी जी सुरू झाली ती थांबेना. पट्टा रुंद ते ठीक, पण घामानं वळतोय, मग त्याची दोरीच होते. उजव्या अंगाला जास्त कापड सोडलंस, सगळ्याजणी काय उजव्या हातानंच वेचतेत का, शेवंता डावरी हाय. बसलं की पोटात घुसतंय. शिवण आतून कामून ठिवलीस, तिच्यात पाला अडकतोय. शेवंताकाकूंनी दोन पातींपलीकडून त्यात आपली भर घातली. एकीनं विचारलं, ह्याला शिकाय तीन वर्षं लागतेत का, आणि सगळ्या हसल्या. मी ढेकळांवर बसकण मारली, वही काढली, आणि एकेक लिहून घेत गेले. शनिवारच्या वर्गात माझी इतकी कडक तपासणी कधी झाली नव्हती. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते मला पुसावंसं वाटत नव्हतं.

लिहून झाल्यावर मी वहीतून कागद काढला. तीच तीन तोंडं, पण प्रत्येकाखाली चौकोनाऐवजी एक मोकळी रेघ. ह्या वेळी मी पेन पुढं केलं नाही. मावशीनं हात लुगड्याला पुसले, कागद घेतला, मांडीवर ठेवला आणि पेन मागितलं. तिन्ही तोंडं तिनं पुन्हा तशीच निरखली. मग रडक्या तोंडाखाली, एकेक अक्षर सोडवत, नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, अशी तिनं सही केली. बराच वेळ लागला. सगळ्या थांबल्या होत्या.

"मार्क न्हाईत पडायचे ह्याला," कागद माझ्याकडं देत ती म्हणाली. "दसऱ्याला दुसरी घेऊन ये."

माझ्या खोलीत भिंतीवर आता दिल्लीचं प्रमाणपत्र आहे आणि त्याच्या शेजारी तो कागद आहे. मैत्रिणी विचारतात की वाईट शेरा कुणी भिंतीवर लावतं का. मी त्यांना सांगत नाही. जे घर सोडून गेले त्यांना न सांगता कळेल. आपण गाव सोडतो तेव्हा गाव कुठं जात नाही, पण आपल्याशी गोड बोलायला लागतं, आणि तो गोडवा आपण प्रेम समजून घेत राहतो. मला आता दादांचं ते स्टेशनावरचं वाक्य आठवतं. त्यांचं काय चुकतंय ते सांगायला मी शिकून येणार होते. माझं काय चुकतंय ते सांगणारी माणसं जिथं आहेत, तेच माझं घर आहे.

त्या दिवशी वावरातून घरी गेले तेव्हा माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं माझ्या हातातल्या वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आलीस तर बस," ती म्हणाली, "अन् तेवढ्या शेंगा सोलून घे." मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. खुर्ची शेवंताकाकूंच्या ओसरीवरच होती. ती आणायला कुणी उठलं नाही.